हमीपत्र ही मेहेरबानी नव्हे!

बारावीचे निकाल लागून महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात लॅपटॉपच्या दुकानांवर गर्दी दिसू लागते. त्या गर्दीत इंदोऱ्याचा, पाचपावलीचा, कामठीचा कामगार बाप असतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून मुलीला वसतिगृहात सोडायला आलेली आई असते. कुणी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढलेले असतात, कुणी बचत गटाकडून कर्ज घेतलेले असते, तर कुणी दुकानातच बारा हप्त्यांच्या कागदावर सही करतो. एकेकाळी घरातली पहिली मोठी खरेदी म्हणजे सायकल किंवा शिलाई मशीन असे. आज शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरात ती जागा लॅपटॉपने घेतली आहे.

ही चैन नव्हे, हे आधी समजून घेतले पाहिजे. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, प्रवेशाची फेरी ऑनलाइन, प्रकल्प अहवाल टाइप करून द्यायचा, स्पर्धा परीक्षेची सराव चाचणी संगणकावर. २०२० साली कोरोनाच्या काळात वर्ग बंद झाले आणि अंतिम वर्षाच्या परीक्षाही ऑनलाइन झाल्या, तेव्हा ज्याच्या हाती यंत्र होते त्याचे शिक्षण चालू राहिले आणि ज्याच्या हाती नव्हते तो मागे पडला. वही-पेनाइतकीच ही वस्तू आता शिक्षणाची गरज बनली आहे. फरक इतकाच की, पेन बिघडला तर पाच रुपयांत दुसरा मिळतो. लॅपटॉप बिघडला तर बापाची दोन-तीन महिन्यांची मजुरी धोक्यात येते.

आणि लॅपटॉप बिघडतो! आठव्या महिन्यात स्क्रीन काळी पडते, दहाव्या महिन्यात झाकणाची बिजागरी तुटते, कधी बॅटरी फुगून कीबोर्ड वर येतो, कधी चार्जर लावूनही दिवा लागत नाही. मग सुरू होते ती सर्व्हिस सेंटरची वारी. दुकानदार म्हणतो, "आमचा संबंध विक्रीपुरता, कंपनीकडे जा." कंपनीच्या क्रमांकावर फोन लावला तर एक दाबा, दोन दाबा करता करता अर्धा तास जातो. शेवटी सर्व्हिस सेंटरमध्ये टोकन मिळते आणि काउंटरवरचा मुलगा यंत्र उलटेसुलटे करून निकाल देतो, "मदरबोर्ड गेला आहे. फिजिकल डॅमेज दिसते. वॉरंटीत बसत नाही." मदरबोर्डचा खर्च विचारला तर नव्या लॅपटॉपच्या निम्म्या किमतीचा आकडा ऐकायला मिळतो. वॉरंटीत बसलेच, तर "पार्ट मागवावा लागेल" हे उत्तर ठरलेले. पार्ट कधी येणार, याचे उत्तर कुणाकडेच नसते.

यात सर्वांत घातक गोष्ट पैशांचे नुकसान ही नाही. काउंटरवरून परत फिरताना ग्राहकाच्या मनात काय येते, ते पाहा. "आपल्यालाच नीट वापरता आला नसेल." घरात पहिल्यांदाच असे यंत्र आलेले असते, इंग्रजी माहितीपुस्तिका कुणी वाचलेली नसते, समोरचा गळ्यात ओळखपत्र घालून तांत्रिक शब्द फेकत असतो. म्हणून यंत्राचा दोष माणूस स्वतःवर घेतो, पोराला चार शब्द सुनावतो आणि गप्प बसतो. ग्राहकाने असे गप्प बसणे कंपनीला फार स्वस्तात पडते.

वास्तविक पाहता, लॅपटॉप बिघडणे ही अपवादाची बाब नाही. अमेरिकेतील स्क्वेअरट्रेड या कंपनीने २००९ साली सुमारे ३० हजार लॅपटॉपच्या नोंदी तपासून एक अहवाल काढला होता. तीन वर्षांत जवळपास एकतृतीयांश लॅपटॉप बिघडले, असे त्यात आढळले. ही कंपनी स्वतःच जादा वॉरंटी विकण्याचा धंदा करते, तेव्हा आकडा पाहताना तेवढे भान ठेवायला हवे. परंतु त्या अहवालातील फोड महत्त्वाची आहे. यंत्राच्या अंगच्या दोषाने बिघडलेले लॅपटॉप २०.४ टक्के होते आणि पडणे, पाणी सांडणे अशा अपघाताने बिघडलेले १०.६ टक्के. म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेल्या नुकसानीपेक्षा यंत्राच्या स्वतःच्या दोषाचे प्रमाण जवळपास दुप्पट! काउंटरवर मात्र पहिला संशय ग्राहकावरच घेतला जातो.

मोठ्या कंपन्यांचा इतिहास पाहिला तर हे अधिक स्पष्ट होते. २००६ च्या जूनमध्ये जपानमधील एका परिषदेत डेल कंपनीचा लॅपटॉप पेटल्याची छायाचित्रे जगभर गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेलने सोनी कंपनीचे सेल असलेल्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. पाठोपाठ अॅपलने १८ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. दोष सेलच्या निर्मितीत होता, वापरणाऱ्यांत नव्हता.

दुसरे उदाहरण २००८ सालचे. एनव्हिडिया ही लॅपटॉपसाठी ग्राफिक्स चिप बनवणारी कंपनी. त्या वर्षी जुलैमध्ये तिने जाहीर केले की, आपल्या काही चिप लॅपटॉपमध्ये मोठ्या प्रमाणात निकामी होत असून त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागतील. चिप आणि तिच्या आवरणाच्या जोडणीतले साहित्य कच्चे होते. पण त्या निवेदनातही कंपनीने कारणांच्या यादीत ग्राहकांच्या वापराची पद्धत घालायला कमी केले नाही. लाखो चिप खराब, तरी थोडा दोष तुमचाही! पुढे अमेरिकेत ग्राहकांनी मिळून दावा केला आणि २०१० मध्ये तडजोड होऊन काही विशिष्ट मॉडेलच्या ग्राहकांना दुरुस्ती किंवा बदली द्यावी लागली.

तिसरे उदाहरण अॅपलचे. २०१५ पासून तिने लॅपटॉपमध्ये फार पातळ कीबोर्ड आणला. धुळीचा कण अडकला तरी कळ दबेनाशी होई किंवा एक अक्षर दोनदा उमटे. तक्रारींचा आणि दाव्यांचा ढीग साचल्यावर जून २०१८ मध्ये चार वर्षांपर्यंत मोफत दुरुस्तीची योजना जाहीर झाली. २०२२ मध्ये अमेरिकेतील दाव्यात कंपनीने ५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. ही भरपाई मात्र अमेरिकेतील सात राज्यांच्या ग्राहकांपुरतीच होती. तोच लॅपटॉप, तोच दोष. पण जिथले ग्राहक संघटितपणे न्यायालयात उभे राहिले तिथेच पैसे मिळाले.

या तिन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट सिद्ध होते. एका ग्राहकाची तक्रार ही कंपनीच्या लेखी कटकट असते, हजारांची तक्रार हा पुरावा असतो. एकटा माणूस काउंटरवर उभा असतो तेव्हा दोष त्याच्या वापरात असतो. तेच मॉडेल, तोच बिघाड, तेवढ्याच महिन्यांत झालेला अशी शंभर जणांची नोंद एकत्र ठेवली की तोच दोष कारखान्यात सापडतो.

आपल्या नागपूरनेही या गोष्टीचा एक नमुना पाहिला आहे. मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि देशभर बातमी झाली. आसपासच्या केंद्रांवरचे आकडे त्याच्या जवळपासही नव्हते. तपासणी झाली आणि सेन्सर बिघडल्याचे हवामान खात्याने सांगितले. एका यंत्राचा दोष इतर यंत्रांच्या नोंदी शेजारी ठेवल्यामुळे उघड झाला. खात्यापाशी नोंदी होत्या. आपल्या विद्यार्थ्यांपाशी त्या नसतात.

नागपूरच्या उन्हाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक मुद्दा. अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, हे यंत्र ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वापरावे. एप्रिल-मेमध्ये नागपूर, चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या आसपास असतो. टिनाच्या छपराखाली अभ्यास करणाऱ्या मुलाच्या खोलीत तर विचारायलाच नको. कंपनीच्या कागदाप्रमाणे चालायचे तर विदर्भातल्या मुलाने उन्हाळाभर दुपारी लॅपटॉप उघडूच नये! परीक्षा मात्र नेमक्या त्याच दिवसांत असतात.

उष्णतेने यंत्र का बिघडते, तेही समजून घेऊ. लॅपटॉपच्या आत मुख्य चिप मदरबोर्डवर शेकडो बारीक सोल्डरिंगच्या ठिपक्यांनी बसवलेली असते. यंत्र चालू झाले की चिप तापते, बंद केले की थंड होते. प्रत्येक वेळी हे जोड किंचित प्रसरण-आकुंचन पावतात आणि कालांतराने तडकू शकतात. आतल्या पंख्याच्या जाळीत धूळ बसली की उष्णता बाहेर पडत नाही. चिपवर उष्णता वाहून नेणारी जी पेस्ट लावलेली असते ती सुकते. लिथियमची बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते आणि फुगू लागते. म्हणून गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नये, हवेची भोके मोकळी ठेवावीत, कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवू नये, बॅटरी फुगली की चार्जिंग तत्काळ थांबवावे. एवढी काळजी आपण घ्यावी. पण ज्या देशात माल विकून नफा कमवायचा त्या देशाचा उन्हाळा माहीत असणे, ही मात्र कंपनीची जबाबदारी आहे. दुकानात विकताना कुणी विचारत नाही की तुमच्या खोलीचे तापमान किती. मग बिघडल्यावर ते विचारण्याचा अधिकार कुठून येतो?

आता कायद्याचे पाहू. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. जुन्या कायद्यात कंपनीचे कार्यालय जेथे आहे किंवा व्यवहार जेथे झाला तेथे तक्रार करावी लागे. नव्या कायद्याने ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करण्याचा हक्क दिला. म्हणजे नागपुरात लॅपटॉप घेतलेल्या सिरोंच्याच्या मुलीला नागपूर किंवा बंगळूर गाठण्याची गरज नाही. तिची तक्रार गडचिरोलीच्या जिल्हा आयोगात होऊ शकते. नागपुरात तर जिल्हा आयोगाच्या जोडीला राज्य आयोगाचे परिक्रमा खंडपीठही आहे.

वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क शून्य आहे. वकील लावलाच पाहिजे असे बंधन नाही, स्वतः उभे राहून बोलता येते. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. त्यासाठी २०२० मध्ये ई-दाखिल आणि १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती ही व्यवस्था आली. त्याआधीची पायरी म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मुदत मात्र लक्षात ठेवावी, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. बिल बापाच्या नावावर आणि वापर मुलीचा असेल तरी हरकत नाही, खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी टायपिंग-झेरॉक्सचे छोटे केंद्र चालवणाराही ग्राहक ठरतो, कारण स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यापारी मानत नाही.

याच कायद्यात आणखी दोन महत्त्वाची कलमे आहेत. सदोष वस्तू बिलावरच्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी पाहून घाबरण्याचे कारण नाही. दुसरे म्हणजे, एकसारखी तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. अमेरिकेत एनव्हिडियाविरुद्ध जे घडले त्याची वाट आपल्या कायद्यातही आहे. ती कुणी चालत नाही, हा प्रश्न वेगळा.

आयोगात गेले की सारे आपोआप मिळते, अशा भ्रमात मात्र राहू नये. कायद्याने निकालासाठी तीन महिन्यांचे आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांचे उद्दिष्ट ठेवले आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. आणि कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की निर्मितीतला दोष आहे याला पुरावा काय? बहुसंख्य तक्रारी इथेच कमजोर पडतात. कारण पक्के बिल घेतलेले नसते, बोलणे सारे फोनवर झालेले असते, सर्व्हिस सेंटरने दिलेली जॉब शीट हरवलेली असते.

म्हणून कागदाला जपले पाहिजे. पक्के बिल घ्यावे, थोडे स्वस्त मिळते म्हणून कच्च्या पावतीवर समाधान मानू नये. खरेदी करताना वॉरंटी यंत्र सेंटरवर नेण्याची आहे की कारागीर घरी येण्याची, बॅटरी आणि चार्जरची वॉरंटी किती महिन्यांची, आपल्या जिल्ह्यात सेंटर आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. सेंटरमध्ये देताना यंत्राचे चारही बाजूंनी फोटो काढावेत, जेणेकरून ओरखडा आधीचा की नंतरचा हा वाद उरणार नाही. जॉब शीटवर बिघाड आपल्या शब्दांत लिहून घ्यावा. वॉरंटी नाकारली तर तसे लेखी मागावे. तोंडी नकार हा नकार नसतोच, असे धरून चालावे. प्रत्येक फोननंतर ई-मेल टाकावा. एकाच बिघाडाच्या तीन-चार जॉब शीट असतील तर आयोगापुढे त्या फार मोलाच्या ठरतात. गरज पडल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासणी करण्याचा आदेश आयोगाकडून मागता येतो. आणि हो, आपला अभ्यास, आपला प्रबंध दुसरीकडे उतरवून ठेवावा. कंपन्या यंत्राची हमी देतात, आतल्या मजकुराची देत नाहीत.

आता प्रश्न सरकारी खरेदीचा. विद्यार्थ्यांना शासनातर्फे टॅब, लॅपटॉप वाटण्याच्या योजना येतात. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु आकाश टॅबलेटचा अनुभव विसरता कामा नये. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत मोठ्या गाजावाजाने जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याचा आरंभ झाला. मंद प्रोसेसर आणि जोर देऊन दाबावा लागणारा पडदा यामुळे लवकरच तक्रारी सुरू झाल्या. यंत्र कोणत्या चाचण्यांत टिकले पाहिजे, यावरून पुरवठादार डेटाविंड आणि आयआयटी राजस्थान यांच्यात वाद झाला. २०१२ मध्ये प्रकल्प आयआयटी मुंबईकडे गेला आणि नोव्हेंबरमध्ये सुधारित आकाश-२ आला. पण मूळ स्वप्न मागेच राहिले. गरिबाच्या मुलासाठी घ्यायचे म्हणजे किंमत सर्वांत कमी, ही दृष्टी त्यामागे होती. वास्तविक ज्याला बिघडल्यावर दुसरे घेता येत नाही, त्याच्या हातातले यंत्र सर्वांत टिकाऊ असले पाहिजे. शासनाच्या निविदेत यंत्राच्या किमतीइतकेच तालुक्याच्या जवळचे सेंटर, दुरुस्तीची मुदत आणि दुरुस्तीच्या काळात पर्यायी यंत्र या अटींना महत्त्व मिळाले पाहिजे. वाटपाच्या समारंभाचा फोटो छापून येतो, सहा महिन्यांनी किती यंत्रे चालू आहेत याचा हिशेब मात्र छापून येत नाही. तो आपण मागितला पाहिजे.

दुरुस्तीचा हक्क ही मागणीही आता जगभर जोर धरीत आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे सक्तीचे केले. यंत्र किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, याचे ते गुण. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. अशाच गुणांकनाविषयीचा अहवाल २०२५ मध्ये आला. त्यात पहिल्या टप्प्यासाठी मोबाइल आणि टॅब सुचवले गेले. लॅपटॉपही त्यात आला पाहिजे, ही मागणी लावून धरण्याची गरज आहे.

यात रोजगाराचाही प्रश्न आहे. आयटीआय किंवा खासगी वर्गात हार्डवेअर शिकलेली आपली किती तरी मुले छोट्या टेबलावर भिंग लावून मदरबोर्ड दुरुस्त करतात. कंपनीचे सेंटर जिथे अख्खा बोर्ड बदला म्हणते, तिथे ही मुले एखादा सुटा घटक बदलून यंत्र चालू करून देतात. पण कंपन्या अस्सल सुटे भाग आणि सर्किटचे नकाशे त्यांना सहजासहजी मिळू देत नाहीत. ते मिळाले तर ग्राहकाचे पैसे वाचतील आणि या कारागिरांचे घर चालेल.

शेवटी एक सूचना. आपल्या वस्त्यांमध्ये अभ्यासिका आहेत, वाचनालये आहेत, वसतिगृहांत विद्यार्थ्यांचे गट आहेत. तिथे एक साधी नोंदवही ठेवावी. कंपनी आणि मॉडेल, खरेदीची तारीख, बिघाडाची तारीख, बिघाड कोणता, सेंटरने काय सांगितले, किती दिवस लागले. एवढेच सहा रकाने. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींनी महिन्यातून एक रविवार त्या वहीसाठी द्यावा, तक्रारीचा मसुदा करून द्यावा. वर्षाकाठी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन येतो. त्या दिवशी ही वही उघडून पाहिली तर कोणत्या मॉडेलने किती जणांना रडवले ते दिसेल आणि पुढच्या जूनमध्ये सीताबर्डीवर जाणाऱ्या बापाला ते आधी सांगता येईल.

हमीपत्रावर सही कंपनीची असते, पण त्याची किंमत आपण आधीच मोजलेली असते. यंत्राच्या दामातच ती धरलेली आहे. म्हणून काउंटरवर मान खाली घालून उभे राहण्याचे कारण नाही. बिल, जॉब शीट आणि आपल्यासारख्याच दहा जणांची नावे घेऊन तिथे गेलो, तर "तुमच्या वापराचा दोष आहे" हे वाक्य उच्चारण्यापूर्वी समोरच्याला विचार करावा लागेल.